वर्डप्रेसची नवी आवृत्ती येतेय: मराठी साइट आधीच कशी तपासून घ्यायची

वर्डप्रेस म्हणजे वेबसाइट बनवायचं आणि चालवायचं सॉफ्टवेअर. त्याची पुढची मोठी आवृत्ती जवळ आली की माझ्या फोनवर दोन प्रकारचे मेसेज सुरू होतात. लालबागचे चिवड्याचे दुकानदार विचारतात, "ताई, अपडेटचा लाल ठिपका दिसतोय, दाबू का?" दादरच्या एका वाचनालयाच्या कार्यवाह बाई विचारतात, "नवीन काय येणार आहे? आपल्या काही कामाचं आहे का?" दुकानदारांना माझं उत्तर ठरलेलं असतं: थांबा. बाईंना उत्तर द्यायचं तर आवृत्ती बाहेर पडायच्या आधीच ती वापरून बघावी लागते. ते कसं करायचं, हे लिहितेय.

मी मुलुंडला घरून साइट सांभाळायची कामं करते. त्याआधी परळला एका छापखान्यात डीटीपी करायचे, त्यामुळे कुठलंही पान उघडलं की माझी नजर आधी अक्षरावर जाते. आणि इथे तीच नजर लागते. बीटा, म्हणजे आवृत्ती बाहेर पडायच्या आधीचं तिचं चाचणी-रूप, तपासणारे लोक जगभर आहेत, पण त्यातल्या बहुतेकांच्या साइटवर रोमन अक्षरं असतात. 'दुसऱ्या'तला 'ऱ्या' फुटला, तर त्यांना तो दिसणार तरी कसा? आपलं आपणच बघायला हवं.

(मेनूची नावं इंग्रजी डॅशबोर्डवरची देतेय. तुमचा डॅशबोर्ड मराठीत असेल तर जागा त्याच, शब्द वेगळे दिसतील.)

बीटा कधी, आरसी कधी

६.८ ही आवृत्ती १५ एप्रिल २०२५ ला आली, ६.९ आली २ डिसेंबर २०२५ ला. ६.९ नंतर ७.०. शून्याचा आकडा बघून लोक धास्तावतात, पण वर्डप्रेसमध्ये ३.९ नंतर ४.० आणि ४.९ नंतर ५.० अशीच मोजणी चालत आलीय. शून्य आलं म्हणजे सगळं उलथंपालथं होणार, असं काही नसतं. धास्ती ५.० मुळे बसली. डिसेंबर २०१८ मध्ये तिच्यासोबत ब्लॉक एडिटर (परिच्छेद, चित्र, शीर्षक असा प्रत्येक तुकडा वेगळा 'ब्लॉक' मानणारा) आला आणि तेव्हा खरोखरच सगळ्यांची लिहायची सवय बदलली.

पहिली बीटा आली की त्या आवृत्तीत नवीन गोष्टी भरणं थांबतं, पुढे फक्त दुरुस्त्या होतात. मात्र एखादी गोष्ट वेळेत नीट झाली नाही, तर ती बीटातून काढूनही टाकतात. म्हणून बीटात काही छान दिसलं तरी ग्राहकाला कबूल करू नका. बीटानंतर येते रिलीज कँडिडेट, म्हणजे आरसी. तोपर्यंत पडद्यावरची वाक्यं गोठवलेली असतात आणि बदलांची सविस्तर टिपणंही याच सुमारास प्रसिद्ध होतात. माझा शिरस्ता असा: बीटा फक्त चाळून बघायची, साइटच्या नकलेवर चढवायची ती पहिली आरसी.

७.० च्या बाबतीत एक काम मात्र आरसीची वाट न बघता आजच करा. तिला पीएचपी (सर्व्हरवरची ज्या भाषेत वर्डप्रेस चालतं ती) किमान ७.४ लागतं, ७.२ आणि ७.३ चा आधार संपला. शिफारस ८.३ ची आहे. टूल्समध्ये साइट हेल्थ उघडा, तिथल्या इन्फो भागात सर्व्हरखाली पीएचपीचा आकडा दिसतो. जुना असेल तर होस्टिंगवाल्याला, म्हणजे ज्याच्या सर्व्हरवर तुमची साइट ठेवलीय त्याला, लिहा, आणि लिहिताना नेमका आकडा मागा. माझ्या एका ग्राहकाचा होस्टिंगवाला कितीतरी दिवस "युअर साइट इज वर्किंग फाइन" एवढंच उत्तर पाठवत होता. साइट चालतेय हे आम्हालाही दिसत होतं.

चाळून बघायला प्लेग्राउंड

वर्डप्रेस प्लेग्राउंड हे ब्राउझरमध्येच चालणारं कोरं वर्डप्रेस आहे. होस्टिंग नको, इन्स्टॉल करणं नको. सेटिंग्जमध्ये आवृत्तीच्या यादीतून बीटा निवडायची आणि काम सुरू. पान रिफ्रेश केलं की सगळं पुसलं जातं, जपून ठेवायचं तर सेव्ह करावं लागतं. मी शक्यतो सेव्ह करत नाही. नवीन बटणं कुठे आहेत हे बघण्यापुरतंच त्याचं काम.

साइटची नक्कल

खरी तपासणी तुमच्याच साइटच्या नकलेवर व्हायला हवी: तुमची थीम (साइटचं रूप), तुमची प्लगइन्स (वरून जोडलेल्या सोयी), तुमचे जुने लेख. बहुतेक होस्टिंगमध्ये स्टेजिंगची, म्हणजे अशी नक्कल बनवून द्यायची, सोय असते. नसेल तर सबडोमेनवर फाइल्स आणि डेटाबेस दोन्ही उतरवून घ्या. आवृत्ती चढताना डेटाबेसमध्येही बदल होऊ शकतात, त्यामुळे नुसत्या जुन्या फाइल्स परत टाकून मागे फिरता येईल या भरवशावर राहू नका.

आता महत्त्वाचं. नक्कल जिवंत असते. तिच्यातही शेड्यूल केलेले लेख वेळेवर प्रसिद्ध होतात, वर्गणी संपल्याची पत्रं जातात, ऑर्डरचे मेल सुटतात. दिवाळीच्या आधी चिवड्याच्या दुकानाच्या नकलेवरून "आपली ऑर्डर मिळाली" असे मेल जुन्या गिऱ्हाइकांना गेले तर काय होईल, याची कल्पना करा. म्हणून नक्कल उतरवली की सगळ्यात आधी मेल बंद करणारं एखादं प्लगइन टाका, पेमेंट गेटवे टेस्ट मोडवर न्या, सेटिंग्जमधल्या रीडिंगमध्ये सर्च इंजिनांना मनाई करणारी खूण करा, आणि जमलं तर पूर्ण सबडोमेनला पासवर्ड लावा. त्यानंतरच बाकीचं.

मग वर्डप्रेस बीटा टेस्टर हे प्लगइन नकलेवर टाका. टूल्समध्ये बीटा टेस्टिंग असं पान येतं. तिथे ब्लीडिंग एज हा चॅनल निवडा आणि त्याखाली फक्त बीटा किंवा आरसी घेण्याचा पर्याय. नाइटली निवडू नका, ती रोज बदलते. आज दिसलेला दोष उद्या गेलेला असतो आणि आपण डोकं खाजवत बसतो. सेव्ह करून डॅशबोर्डवरच्या अपडेट्समध्ये जा, नवी आवृत्ती तिथे हजर असते.

परीक्षापान

माझ्याकडे 'परीक्षापान' नावाचं एक ड्राफ्ट पान आहे. ते मी प्रत्येक नकलेवर चिकटवते. त्यातला मजकूर अर्थासाठी नाही, अक्षरांसाठी लिहिलाय. सुरुवात अशी:

"कऱ्हाडच्या तऱ्हेवाईक सुऱ्या, ॲल्युमिनियमची कढई, ऋषिपंचमीची भाजी, लाडू, शंकरपाळे, ज्ञानेश्वरी, श्रीखंड, ऑक्टोबरातला ऱ्हास."

'ऱ्ह' आणि 'ऱ्या' यांचा तो कोयत्यासारखा र दिसतोय ना, ॲ हे एकच अक्षर दिसतंय ना, हे आधी बघायचं. मग ल आणि श. मराठी वळणाचा ल आणि हिंदी वळणाचा ल वेगळा. अनेक फॉण्टमध्ये दोन्ही रूपं असतात, पण मराठी रूप उमटायचं तर पानाची भाषा मराठी आहे हे ब्राउझरला कळावं लागतं. मजकूर मराठी आणि सेटिंग्जमध्ये साइटची भाषा इंग्रजी, अशा साइट्स मुंबईत ढिगाने आहेत. तिथे 'लाडू'चा ल हिंदी दिसतो आणि मालकाला वाटतं फॉण्टच खराब. जनरल सेटिंग्जमध्ये साइटची भाषा मराठी करा. डॅशबोर्ड इंग्रजीतच हवा असेल तर तो आपापल्या प्रोफाइलमधून वेगळा ठेवता येतो.

यानंतर अक्षरांमधलं अंतर. नवी आवृत्ती चढवताना लोक हौसेने थीमही नवी घेतात, आणि थीम रोमन अक्षरं डोळ्यांपुढे ठेवून बनवलेली असते. शीर्षकात अक्षरं जरा लांब-लांब ठेवली की इंग्रजीत झोकदार दिसतं. आपल्याकडे शिरोरेखा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात. एडिटरमध्ये स्टाइल्स, मग टायपोग्राफी, मग हेडिंग्ज असं जाऊन लेटर स्पेसिंग शून्यावर आणा. तिथेच ओळींमधलं अंतरही बघा. थीममध्ये शीर्षकाला बहुधा १.२ च्या आसपास असतं. दोन ओळींचं मराठी शीर्षक त्यात बसवलं की वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. मी १.५ ठेवते.

अवतरणाचा ब्लॉक बऱ्याच थीममध्ये तिरका असतो. देवनागरी फॉण्टमध्ये तिरकं रूप सहसा नसतंच, मग ब्राउझर सरळ अक्षरं ढकलून तिरकी करतो. छापखान्यात असं कुणी करून आणलं असतं तर आमच्या फोरमननी पान परत पाठवलं असतं. सरळ करा. परिच्छेदाचं पहिलं अक्षर मोठं करणारी ड्रॉप कॅपची सोय वापरत असाल तर 'क्षितिज', 'स्त्री', 'किल्ला' यांनी सुरू होणारे तीन परिच्छेद टाकून बघा, आणि ते दोन-तीन ब्राउझरांत बघा.

फॉण्टसाठी आता वेगळं प्लगइन लागत नाही. ६.५ मध्ये, म्हणजे एप्रिल २०२४ मध्ये, फॉण्ट लायब्ररी आली. गूगल फॉण्ट्समधला फॉण्ट तिथून थेट तुमच्या सर्व्हरवर उतरतो. वर्डप्रेससोबतच येणाऱ्या ट्वेंटी ट्वेंटी-फाइव्ह या थीमचा मूळ फॉण्ट मॅनरोप, त्यात देवनागरी नाहीच; मराठी मजकूर ज्याच्या त्याच्या फोनमध्ये जो फॉण्ट असेल त्यात दिसतो. मी बहुतेक ठिकाणी 'मुक्त' हा फॉण्ट बसवते. मुंबईच्याच 'एक टाइप' या मंडळींनी केलेला आहे, लहान आकारातही स्वच्छ वाचता येतो आणि त्याच्या जाडीच्या पायऱ्याही भरपूर आहेत.

परीक्षापानावरची शेवटची चाचणी पत्त्याची, म्हणजे लिंकची. शीर्षक मराठीत लिहिलं की वर्डप्रेस त्याचीच लिंक बनवतं, आणि तिच्यासाठी जागा २०० अक्षरांची आहे. ऐकायला पुष्कळ वाटते. पण लिंकमध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह नऊ रोमन अक्षरांची जागा खातं, आणि काना, मात्रा, हलन्त हे प्रत्येकी वेगळं चिन्ह. म्हणजे जेमतेम बावीस चिन्हं. पार्ल्याच्या एका मावशींनी लेख लिहिला, 'श्रावणातील उपवासाचे पदार्थ आणि त्यांची पाककृती'. 'श्रावणातील' यातच दहा चिन्हं गेली, 'उपवासाचे' यात आठ, आणि लिंक झाली 'श्रावणातील-उपवासाचे-पदार'. थ राहिला बाहेर. वर हीच लिंक व्हॉट्सॲपवर पाठवली की टक्क्यांच्या चिन्हांची लांबच लांब रांग होते. मावशींच्या गिऱ्हाइकांना ती व्हायरस वाटली. उपाय सोपा आहे. लेख प्रसिद्ध करायच्या आधी उजवीकडच्या पॅनलमध्ये लिंक स्वतः लिहा, दोनच शब्द, 'उपवासाचे-पदार्थ'. कोणी रोमनमध्ये लिहितात, मला त्यातही गैर वाटत नाही. हे नव्या आवृत्तीतलं नाही, जुनंच आहे. पण आधी जसं होतं तसंच अजून आहे ना, हे दर आवृत्तीला बघून घेतलेलं बरं.

नवीन सोयी: कामाला येतील तेवढ्याच

बदलांची यादी लांबलचक असते आणि तिच्यातला अर्धाअधिक भाग प्रोग्रॅमरांसाठी असतो. मी प्रत्येक सोयीपुढे एक माणूस लिहिते: हे कोण वापरणार? नाव सुचलं नाही तर ती सोय सोडून देते.

६.९ मधल्या नोट्सपुढे, म्हणजे लेखातल्या ब्लॉकला टीप जोडायच्या सोयीपुढे, नाव लगेच सुचलं होतं. वाचनालयाचं त्रैमासिक साइटवर चढतं. आधी समितीतले काका पडद्याचा फोटो काढून, त्यावर लाल गोल करून व्हॉट्सॲपवर पाठवायचे. कुठला लेख, कितवा परिच्छेद, काही पत्ता नाही. आता ते एडिटरमध्ये त्या परिच्छेदावर जातात, ब्लॉकच्या तीन ठिपक्यांतून टीप जोडतात, "इथे साल तपासा". बाई उत्तर लिहितात, दुरुस्ती झाली की टीप मिटवतात. वाचकांना यातलं काही दिसत नाही. तपासताना मात्र दोन गोष्टी बघा. एक, ज्याला लेख संपादित करायचा अधिकार आहे त्यालाच टीप लिहिता येते, म्हणून काकांना काँट्रिब्युटर ठेवून चालणार नाही, एडिटर करावं लागतं. एडिटर म्हणजे प्रसिद्ध करायचं बटणही हातात. कुणाला द्यायचं ते समितीने ठरवावं. दोन, टीप पूर्ण ब्लॉकला लागते, एका शब्दाला नाही. परिच्छेद लहान ठेवायची सवय यामुळे आपोआप लागली.

ब्लॉक लपवायची सोयही ६.९ चीच. फराळाच्या ऑर्डरचा फॉर्म दिवाळीनंतर पुसून टाकायचा आणि पुढच्या वर्षी नव्याने बनवायचा, हा उद्योग संपला. लपवलेला ब्लॉक पानाच्या कोडमध्येही उतरत नाही, त्यामुळे जुना दर कुणी उकरून काढू शकत नाही. अ‍ॅकॉर्डियनचा ब्लॉक (प्रश्नावर दाबलं की खाली उत्तर उलगडतं) गिरगावातल्या मंगल कार्यालयाला लावला: "पंगतीला किती पानं बसतात?", "केटरर बाहेरचा चालेल का?" अशा प्रश्नांसाठी. कंट्रोल आणि के दाबून उघडणारी आज्ञापेटी (कमांड पॅलेट) माझ्याशिवाय कुणी वापरत नाही.

यापुढे ज्याची सगळ्यांना उत्सुकता आहे ते म्हणजे एकाच लेखावर दोघांनी एकाच वेळी लिहिणं. ब्लॉक एडिटरचं काम चार टप्प्यांत आखलेलं आहे, त्यातला तिसरा टप्पा सहकार्याचा आणि चौथा बहुभाषिक साइट्सचा. आजवर दुसरं कुणी लेख उघडलं की "अमुक व्यक्ती संपादन करत आहे, ताबा घ्यायचा का?" असं विचारतात, आणि ताबा घेतला की पहिल्याची चिडचिड. एकत्र लिहायची सोय ज्या चाचणी-आवृत्तीत हाती लागेल तिच्यात ती अशी तपासा: दोन ब्राउझर, दोन वेगळी खाती, एकाच परिच्छेदात दोन कर्सर. एकीकडे कॉम्प्युटरवर इनस्क्रिप्टने, दुसरीकडे फोनवर जीबोर्डने टाइप करा. इंग्रजीत एक कळ म्हणजे एक अक्षर. आपल्याकडे 'स्त्री' पुरा व्हायला कळा जास्त लागतात, आणि फोनचा कीबोर्ड शब्द पुरा होईपर्यंत अक्षरं आपल्याकडे धरून ठेवतो. मध्येच दुसऱ्याने जागा हलवली तर जोडाक्षर अर्धं राहतं का, मात्रा भलत्याच अक्षराला चिकटते का, हे बघा. अनडू दाबल्यावर माझं जातं की त्याचं, तेही बघा. आणि सर्व्हर स्वस्तातला असेल तर दोघं लिहीत असताना साइट मंदावते का, तेही.

प्लगइन्सचं थोडक्यात. सगळी चालू ठेवून साइटवरची नेहमीची कामं एकदा करून पाहा: फॉर्म भरणं, ऑर्डर देणं, शोधणं, फोटो चढवणं. 'टेस्टेड अप टु'पुढचा, म्हणजे प्लगइन कुठल्या आवृत्तीपर्यंत तपासलंय तो, आकडा जुना आहे म्हणून प्लगइन बिघडेलच असं नाही. पण जे कित्येक वर्षं हललेलं नाही त्याला पर्याय शोधायला हीच वेळ. काही फुटलं तर एकेक बंद करत जा. साइट पांढरी पडली तर घाबरू नका, अशा वेळी वर्डप्रेस अ‍ॅडमिनच्या ईमेलवर रिकव्हरी मोडची लिंक पाठवतं. मात्र नकलेवर आपणच मेल बंद केलेत, तेव्हा तिथे फाइल मॅनेजरमधून त्या प्लगइनच्या फोल्डरचं नाव बदला, ते आपोआप बंद पडतं.

दोष सापडला तर

डॅशबोर्ड मराठीत असेल तर आरसीत काही ओळी इंग्रजीत दिसतील. त्यांचा अनुवाद व्हायचाय इतकंच. वर्डप्रेस डॉट ऑर्गवर खातं काढून भाषांतराच्या विभागात मराठी निवडा आणि सुचवणी द्या. आधीची शब्दसूची बघून द्या, नाहीतर एकाच गोष्टीला तीन नावं होतात. वाचनालयातल्या ज्या ताई रोज नोंदी चढवतात त्यांना अर्धा इंग्रजी मेनू फार छळतो, म्हणून मी आरसी आली की आधी त्यांच्या पडद्यावरच्या ओळी उरकते.

खरा दोष असेल तर वर्डप्रेसच्या गाभ्याचा ट्रॅकवर आणि एडिटरचा गिटहबवर (या दोन्ही दोष नोंदवायच्या साइट्स) नोंदवायचा. इंग्रजी साधं चालतं, पण पुरावा पक्का हवा. नुसतं "मराठी नीट दिसत नाही" लिहिलं तर कुणी हात लावणार नाही. कोणता शब्द, कोणत्या कीबोर्डने टाइप केला, कोणता फॉण्ट, कोणता ब्राउझर, काय दिसायला हवं होतं आणि काय दिसलं, असं लिहा. तुटलेला आणि बरोबर शब्द एकाच चित्रात शेजारी-शेजारी ठेवा. देवनागरी न येणाऱ्यालाही फरक कळतो. आणि नोंदवायच्या आधी ट्वेंटी ट्वेंटी-फाइव्ह लावून, सगळी प्लगइन्स बंद करून पुन्हा बघा. निम्म्या वेळा दोष थीमचाच निघतो.

प्रत्यक्ष आवृत्ती आली की

हे आधीच करून ठेवायचं: डॅशबोर्डवरच्या अपडेट्स पानावर जाऊन मोठ्या आवृत्त्या आपोआप चढणार आहेत का बघा. ५.६ पासून, म्हणजे डिसेंबर २०२० पासून, नव्या साइटवर हे मुळातच चालू असतं. तिथे फक्त सुरक्षा आणि देखभालीच्या आवृत्त्या आपोआप घ्यायचा पर्याय आहे, तो निवडा. होस्टिंगवाले स्वतःहून आवृत्ती चढवतात का, तेही विचारून ठेवा.

मोठी आवृत्ती बहुतेकदा मंगळवारी येते. मी त्या आठवड्यात कुणाचीच साइट हलवत नाही. वाचनालयाची आधी, कारण तिथे पैशाचा व्यवहार नाही. मंगल कार्यालयाची त्यानंतर. दुकानाची सगळ्यात शेवटी, आणि गणपती ते दिवाळी या काळात मुळीच नाही. त्या दिवसांत आलेली सुरक्षेची छोटी आवृत्ती मात्र लगेच घ्यायची, तिला मुहूर्त नाही. चढवायची ती सकाळी, ताजा बॅकअप घेऊन. शनिवारी संध्याकाळी काही बिघडलं तर होस्टिंगचा माणूस फोन उचलत नाही.

चढवून झालं की कॅश (साठवून ठेवलेली जुनी पानं) रिकामी करा, परीक्षापान खऱ्या साइटवर ड्राफ्ट म्हणूनच उघडून प्रिव्ह्यू बघा, एक ऑर्डर स्वतः देऊन रद्द करा. मग नक्कल पुसून टाका, तिचा डेटाबेससुद्धा. तिच्यात गिऱ्हाइकांची नावं, पत्ते आणि फोन नंबर तसेच पडलेले असतात.